बसा ना जी

बोलता बोलता ते अर्धे उठायचे. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हाताने दुपट्टा खांद्यावर, आणि म्हणायचे, "तुम्हाले पटत नसन तं मंग मी चाल्लो." की चारी बाजूंनी आवाज यायचा, "बसा ना जी, सरपंचजी, बसा!" मग ते बसायचे आणि सभेचा निकाल त्यांच्या मनासारखा लागायचा. तुमच्याही गावात असा एखादा असेल म्हणा. पण आमच्या सरपंचांइतकं देखणं अर्धं उठणं मी तरी कुठे पाहिलं नाही.

कोंढ्याजवळच्या आमच्या गावात माझं किराणा दुकान त्यांच्या घरापुढल्या छपरीच्या अगदी समोर. माणूस खोटा नव्हता हो! तलावाची पाळ फुटायला आली, तेव्हा कमरेइतक्या पाण्यात उभं राहून माती टाकणारा तोच. पण "बसा" ऐकायची चटक लागली होती, हेही खरं.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढल्या पावसाळ्यात तलावाच्या पाण्यावरून सभेत वाद झाला. सरपंच अर्धे उठले. एक नवा मेंबर म्हणाला, "दरवेळी उठता, एकडाव जाऊन तं पाहा!" कोणीतरी फिसकन हसलं, आणि त्या हसण्यात "बसा" म्हणायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी ते पवनीला पंचायत समितीत जाऊन राजीनामा देऊन आले. येताना माझ्याकडून चहापत्ती आणि साखर नेली.

"काहून जी, एवढी साखर?"

"अरे, धानाचा रोवणा आहे. आता तलावाचं पाणी कोन सोडन? झगडे होतीन. सारा गाव मले न्यायले इथं येते का नाही, पाह्यजो."

छपरीत दोन सतरंज्या अंथरल्या गेल्या. पण त्या वर्षी पाऊस असा लागून पडला, की तलावाची आठवणही कोणाला झाली नाही. सारं गाव धानाची रोपं लावत बांधीतल्या चिखलात वाकलेलं. लोक वाईट नव्हते. त्यांना वाटलं, म्हातारा थकला असेल, आराम करू द्या. रोवणा आटोपला तोवर नवा सरपंच ठरूनही गेला होता.

सतरंज्या मात्र रोज अंथरल्या जात. संध्याकाळी त्यांची बायको, आमच्या काकी, तिथेच तांदूळ निवडत बसायच्या. हे काकींशीच कशावरून तरी वाद काढायचे आणि अर्धे उठायचे. काकी सुपातून मान वर न करता म्हणायच्या, "बसा ना जी." की स्वारी बसायची. मला हसू यायचं.

मग काकी वारल्या. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरली, सारं गाव तिकडे लोटलं. मी दुकान बंद करून सरपंचांकडे गेलो. सतरंजीवर एकटेच बसले होते.

"चला ना जी मंडईत."

"तिकडं मले कोन वळखते?" ते म्हणाले. मग हात गुडघ्यावर गेला, दुपट्टा खांद्यावर आला. "मंग मी चाल्लो."

घर त्यांचंच. जाणार कुठे?

"बसा ना जी, सरपंचजी," मी म्हटलं.

ते तसेच अर्धवट थांबले. माझ्या मागे, रस्त्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

"तू एकटाच 'बसा' म्हणून राहिला का गा?"

"हो जी."

त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"मंग जरा मोठ्यानं म्हण."

मी ओरडून म्हटलं. तेव्हा ते बसले.