मोडती चाल

क्विरीनोच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. उन्हाळ्यात तो गंजिफ्रॉकवर दारात बसला, की गल्लीतली पोरं ती गाठ हाताळायला येत आणि तो हाताळू देई. पोपची खुर्ची खांद्यावरून वाहणाऱ्या बारा जणांपैकी तो एक होता. पुढच्या दांड्याला, उजव्या बाजूला. सबंध बोर्गोत, म्हणजे व्हॅटिकनला लागून असलेल्या त्या वस्तीत, या माणसांना नुसतं 'खुर्चीवाले' म्हणत. मी गावाहून शिकायला रोमला आलो आणि बोर्गोत खोली घेऊन राहिलो, तेव्हा क्विरीनो जाऊन काही वर्षं झाली होती. त्याची गाठ मात्र लोकांच्या बोलण्यात अजून होती. बेकरीवाली म्हणे, ती गाठ म्हणजे पवित्र वस्तूच. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणे, पवित्र कसली, चरबी. माझ्या शेजारी राहणारा एल्पिदियो हा क्विरीनोचा मुलगा. या वादात त्याने कधी तोंड उघडलं नाही. त्याचा स्वतःचा खांदा सपाट होता, आणि ही गोष्ट तो कधी विसरत नसे.

खुर्ची वाहण्याचं काम त्यांच्या घरात आजोबांपासून होतं. एल्पिदियोला मिसरूड फुटायच्या आतच बापाने त्याला शिकवायला घेतलं. शिडीचे दोन बांबू स्वयंपाकघरातल्या खुर्चीला बांधायचे, चुलतभावांना हाताशी धरायचं, आणि वर बसवायचं झेलिंदा आत्याला. कारण घरात वजनदार तीच होती. तिच्या मांडीवर वालाच्या शेंगांची परात असे. शेंग खाली पडली, की त्या दिवशी सगळ्यांना नुसता पाव.

हे सांगताना एल्पिदियो हसत असे. एरवी तो फारसा हसत नसे.

"पाय जुळवू नका रे," क्विरीनो ओरडे. "सैनिक आहात का? पाय जुळले की खुर्ची झोके खाते. प्रत्येकाचा पाय वेगळ्या क्षणी पडला पाहिजे. मग झोक्याला झोका मारतो. वरच्याला कळतसुद्धा नाही की खाली माणसं आहेत."

"कळत नाही कसं?" वरून आत्या किंचाळे. "मला बरं कळतंय! मीच मेली इकडून तिकडे सावरतेय, म्हणून तुमची चाल!"

"तू गप शेंगा सोल, झेलिंदा. पोपसाहेब कधी बोलतात का वरून?"

"पोपसाहेबांना शेंगा सोलायच्या नसतात!"

या चालीला क्विरीनो 'मोडती चाल' म्हणत असे. उजवा पाय किंचित अडवून, अर्धा श्वास उशिरा टाकायचा. शेजाऱ्याच्या पायाकडे बघायचं नाही, ऐकायचंही नाही. मुलाने ती इतकी उचलली, की बाजारात जाताना, चर्चमधून परतताना तो तसाच चाले. नव्याने वस्तीत आलेल्यांना वाटे, बिचारा लंगडतो.

त्यांच्या स्वयंपाकघरात एक छायाचित्र होतं. दोन्ही बाजूंना शहामृगाच्या पिसांचे उंच पंखे, मध्ये खुर्ची, तिच्यावर शुभ्र वस्त्रांतले पोप, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला. आणि खाली, लाल जरतारी पोशाखात, दांड्याखाली मान किंचित कलवलेला क्विरीनो. त्याच्या चेहऱ्यावर ओझ्याची खूणही नव्हती. एल्पिदियो त्या चित्रासमोरच जेवायला बसे.

यथावकाश तोही खुर्चीवाल्यांत दाखल झाला. लाल पोशाख त्याच्या मापाने शिवला गेला. नवा म्हणून त्याला राखीव ठेवलं. कोणी आजारी पडला तरच दांड्याला लागायचं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस पोप गेले. त्यांच्यामागून निवडून आलेलेही महिनाभरात गेले. तोवर एल्पिदियोची पाळी आली नव्हती. मग तिसरे आले आणि म्हणाले, मला पाय आहेत, मी चालेन.

क्विरीनो तेव्हा अंथरुणाला खिळलेला होता. मुलाने ही बातमी सांगितली तर त्याचा विश्वास बसेना.

"चालत? मग मागच्या लोकांना दिसणार कसे?"

"टाचा उंच करून बघतील, बाबा."

"हे फार दिवस चालायचं नाही. हे गेले की पुढचे बसतील. आपलं घर थांबू शकतं." थोड्या वेळाने म्हातारा म्हणाला, "फक्त चाल सोडू नकोस. एकदा तरी त्यांना खांद्यावर घे. त्याशिवाय आपलं नाव लावू नकोस."

तो हिवाळा क्विरीनोला दिसला नाही. मुलाला मात्र एकच काम उरलं: एकदा खांदा देणं. लग्न राहून गेलं. एका गृहस्थाने आपल्या भाचीसाठी विचारलं होतं. एल्पिदियोने म्हणे सांगितलं की पुढच्या पोपपर्यंत थांबा. भाचीने वर्षभरात ओस्तियातला मासेवाला केला.

खुर्ची गेली तरी खुर्चीवाले राहिले. त्यांना पोपच्या राजवाड्याच्या दालनांत दारं उघडायला लावलं. पाहुण्यांच्या छत्र्या घ्यायच्या, त्यांना बाहेरच्या दालनात बसवायचं, आतून खूण झाली की पुढे न्यायचं. डोक्यावरच्या छतावर जुन्या पोपांची कुलचिन्हं रंगवलेली: कुणाच्या मधमाश्या, कुणाची ओकची फांदी, कुणाचा पंख पसरलेला सर्प. आणि प्रत्येकावर त्याच दोन किल्ल्या आडव्या टाकलेल्या, एक सोन्याची, एक रुप्याची. एका दालनाच्या भिंतीवर जुनं मोठं चित्र आहे. त्यात दाढीवाले एक पोप माणसांच्या खांद्यावरून देवळात शिरतात, आणि खालच्या भोयांपैकी एक जण चित्रातलं सगळं सोडून सरळ बघणाऱ्याकडे पाहतो. पाहुणा वाट बघत असला की एल्पिदियो त्या भोयासमोर उभा राही. "हा आमच्यातला," असं त्याने मला एकदा सांगितलं. "काहीतरी विचारतोय. काय ते कळत नाही."

पोप म्हातारे होत गेले आणि एल्पिदियोही. पोपना चालवेना झालं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनी चमक आलेली मी पाहिली. तो दार ठोठावून माझ्याकडे आला आणि बसलाही नाही.

"ऐकलंस का रे, डोंगऱ्या?" मी डोंगरातल्या गावचा म्हणून तो मला असं हाक मारी. "गुडघे गेले त्यांचे. आता काय करतील? खुर्ची काढावीच लागेल."

"काढतील, सोर एल्पिदियो." वडीलधाऱ्यांना तिथे 'सोर' म्हणत.

"पोशाख काढून बघितला. पोटावर थोडा घट्ट होतो."

खुर्ची निघाली नाही. कोण्या अभियंत्याने चाकांचा एक चौथरा करून दिला. त्यावर पोप उभे राहत किंवा बसत, आणि खुर्चीवाल्यांनी मागून दांडी धरून तो ढकलायचा. दूरचित्रवाणीवर सगळ्या बोर्गोने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी एल्पिदियोबरोबर कॉफी घ्यायला गेलो तर न्हावी तिथे बसलेलाच होता.

"काय एल्पिदियो, गाडी छान ढकलतोस. आज भाजी काय भाव?"

"तुझ्या डोक्यावरच्या केसांएवढी स्वस्त," एल्पिदियो म्हणाला. न्हाव्याला टक्कल होतं, सगळे हसले. एल्पिदियोने कॉफी मात्र अर्धीच प्यायली.

मग एका वसंतात पोप गेले. राजवाड्याच्या खिडक्यांची कवाडं मिटली. जिथे तिथे लावलेल्या चिन्हात किल्ल्यांवर मुकुटाच्या जागी अर्धी उघडलेली छत्री आली. आसन रिकामं असलं की ती येते. एल्पिदियोच्या निवृत्तीला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.

रिवाज असा आहे, की पोप गेले की त्यांना राजवाड्यातून खालच्या मोठ्या चर्चमध्ये खुर्चीवालेच नेतात. लाल कापडाने मढवलेली एक फळी, तिला दांडे, वर लाल वस्त्रांतला देह आणि मस्तकावर उंच टोकदार पांढरी टोपी. खांद्यावरून न्यायचं. खुर्चीवाल्यांना खांदा द्यायला एवढंच शिल्लक राहिलं होतं. प्रमुख होता गुआल्तिएरो, एल्पिदियोपेक्षा बराच तरुण. यादीतून म्हाताऱ्यांना वगळावं असं त्याच्या मनात होतं. त्याच्याकडे जाऊन एल्पिदियो काय बोलला, ते मला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की त्याला पुढचा उजवा दांडा मिळाला. बापाची जागा.

सराव रिकाम्या फळीवर झाला. गुआल्तिएरोने पहिल्याच वेळी बजावलं, "पाय एकदम. मी हळू मोजतो, तसं टाका." एल्पिदियोने सगळ्यांबरोबर पाय टाकला. एकदाही चुकला नाही.

त्या दिवशी आम्ही बेकरीवालीच्या दुकानात दूरचित्रवाणीसमोर उभे होतो. लाल टोप्यांतल्या कार्डिनलांची रांग, स्तोत्रं, आणि दालनांमागून दालनं ओलांडत येणारी ती फळी. एल्पिदियो दिसला. मान थोडी कललेली, थेट त्या छायाचित्रासारखी. बेकरीवाली म्हणाली, "हुबेहूब बाप." मग मी त्याच्या पायांकडे पाहिलं.

सगळ्यांचे पाय एकदम पडत होते आणि त्याचा उजवा पाय अर्धा श्वास उशिरा पडत होता.

फळीचा पुढचा कोपरा दर पावलाला किंचित खाली जाई आणि वर येई. सपाट फरशीवर ते कदाचित कुणाच्या ध्यानात आलं नसतं. जिना लागला. पहिल्या काही पायऱ्यांत देहाचं मस्तक उजवीकडे वळलं, आणखी दोन पायऱ्या उतरल्यावर टोपी कलली आणि एका कानावर आली. जगभरचे लोक ज्या चेहऱ्याचं शेवटचं दर्शन घेत होते, तो चेहरा झिंगलेल्या माणसासारखा दिसू लागला.

"अगं बाई," बेकरीवाली पुटपुटली आणि तिने क्रूसाची खूण केली. 

जिन्याच्या मधल्या सपाट जागी फळी थांबली. कॅमेरा दुसरीकडे वळवला गेला. पुन्हा फळी दिसली तेव्हा टोपी सरळ होती, आणि पुढच्या उजव्या दांड्याखाली दुसरा माणूस होता.

बाकीचं मला त्याच संध्याकाळी एल्पिदियोनेच सांगितलं, त्याच्या स्वयंपाकघरात. मी गेलो तेव्हा तो शर्टाच्या बाह्या दुमडून बसला होता. समोर शेंगा होत्या, सोलत मात्र नव्हता.

"गुआल्तिएरो कानाशी येऊन म्हणाला, एल्पिदियो, पाय मिळव. चांगल्या आवाजात म्हणाला, बरं का. दोनदा म्हणाला. मी मिळवायला गेलो. मिळेना. सरावात फळी रिकामी होती रे. वजन खांद्यावर आलं आणि पाय माझे राहिलेच नाहीत. मग त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी बाहेर झालो. मागून चालत गेलो. हात कुठे ठेवावेत ते कळेना."

"थोडंच हललं," मी म्हणालो.

"तू पाहिलंस."

"पाहिलं."

"दफनाच्या दिवशी मला दारावर उभं करणार आहेत. दार धरून ठेवायचं."

मी म्हणालो, की चाल चुकीची नव्हती. बाकीचे जुळवून चालत होते म्हणून तसं झालं. सगळे मोडत्या चालीने चालले असते तर देह हलला नसता.

 मग त्याने भिंतीकडे बोट केलं.

"ते चित्र बघ."

मी क्विरीनोकडे पाहिलं.

"बाबांकडे नको बघू. आयुष्यभर मीही त्यांच्याकडेच बघत आलो. वर बघ. डावा हात."

उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला होता. डाव्या हाताने पोपनी खुर्चीचा हात धरला होता. धरला होता म्हणण्यापेक्षा आवळला होता. बोटांचे सांधे कातडीतून वर आले होते. खांदे एका बाजूला झुकले होते आणि मान दुसऱ्या बाजूला, उतारावरच्या गाडीत उभा असलेला माणूस ठेवतो तशी.

"वरचा माणूस सावरत होता," एल्पिदियो म्हणाला. "बाबा नव्हते सावरत. चाल नव्हती सावरत. आत्या ओरडून ओरडून सांगत होती आणि आम्ही तिला शेंगा सोलायला लावत होतो." शेंगांची परात त्याने हाताने थोडी दूर सारली. "जिवंत माणूस धरून बसतो. मेलेला काय धरणार?"

तो पुन्हा बापाच्या चेहऱ्याकडे बघू लागला. 

"बाबांना हे ठाऊक असेल का रे?"

"नसेल," मी म्हणालो.

"ठाऊक असतं तर बरं झालं असतं. नुसत्या थापा मारत होते म्हणता आलं असतं. ते खरंच मानत होते. गाठ दाखवत होते पोरांना."

दफनाच्या दिवशी त्याने दार धरलं. पेटी त्याच्यासमोरून गेली. सगळ्यांचे पाय एकदम पडत होते आणि काहीच हललं नाही. नवे पोप आले, काचेच्या गाडीतून फिरू लागले. एल्पिदियो निवृत्त झाला. त्यानंतर तो सरळ चालायला शिकला. रस्त्याने जाताना मोजत चाले, हे ओठांवरून कळे. पाय मात्र बरोबर पडत. बेकरीवाली म्हणाली, बरं झालं बाई, लंगडणं गेलं त्याचं.

स्वयंपाकघरात बोललो त्या संध्याकाळी निघताना त्याने शर्टाची कॉलर बाजूला करून मला खांदा दाखवला होता. दांड्याने कातडीवर लाल वळ उठला होता, बोटभर लांब, थोडा सुजलेला. "लाव हात," तो म्हणाला. मी लावला. जागा गरम होती.

पुढच्या रविवारी मी त्याबद्दल विचारलं. त्याने कॉलरला हात घातला, चाचपून पाहिलं, हाताला काही लागलं नाही, आणि गुंडी पुन्हा लावली.