फुटबॉल टीमच्या पानावरून मी खोडलेल्या चार ओळी

कॉलेजच्या स्मरणिकेसाठी जुन्या फुटबॉल टीमवर दोन पानं लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला फुटबॉलमधलं काहीच कळत नव्हतं. पन्नासच्या दशकात, कॉलेज नवीन असताना, आमची टीम एका मोसमात फायनलपर्यंत गेली आणि हरली, एवढंच स्मरणिकेचं काम बघणाऱ्या सरांनी सांगितलं. त्या वेळी कॉलेजात असलेले एक आजोबा मुलुंडला राहतात, त्यांना भेट म्हणाले.

आजोबा नव्वदीचे. मूळचे मालवणकडचे, आमच्यासारखेच. पहिल्याच भेटीत ते मला ‘गो’ म्हणायला लागले. मिठागरांच्या बाजूच्या मैदानावर सराव चालायचा, बहुतेक जण अनवाणी. टाचांच्या भेगांत खारी माती गेली की पाय बादलीत घालून बसावं लागायचं. मी भराभर लिहून घेत होते.

“सेमीफायनलच्या आधी आमच्या लेफ्ट हाफला टायफॉइड झाला,” ते म्हणाले. “त्याच्या नावावर मी खेळलो. फायनललाही मीच.”

“त्यांच्या नावावर का?”

“माझी हजेरी भरत नव्हती गो. सकाळी गिरणीत बदली कामगार म्हणून जायचो. हजेरी नाही, तर टीममध्ये नाव नाही. कॅप्टन म्हणाला, तू उतर, नाव त्याचंच राहू दे.”

फायनलमध्ये गोलरेषेवर त्यांनी एक बॉल पोटाने अडवला होता. ते सांगताना त्यांचा हात पोटावर गेला. मी निघाले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, “या वेळी तरी नाव येईल ना?”

“येणार आजोबा,” मी म्हणाले.

घरी येऊन मी त्यांच्याबद्दल चार ओळी लिहिल्या. नंतर लायब्ररीत त्या वर्षीचा वार्षिक अंक सापडला. फोटो, खाली अकरा नावं. आजोबांचं नाव त्यात नव्हतं. ते नसणारच, हे त्यांनी स्वतःच सांगितलं होतं. तरी माझ्या मनात शंका आली.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. छापील कागदाला पाय लागू नये म्हणून बाबा अजून जपतात. छापलेलं खोटं असेल, असं माझ्या मनातच येत नाही. शिवाय सर पुरावा मागतील, ही भीती होती. सरांनी काही मागितलं नाही. शेवटचं प्रूफ तपासायला माझ्याकडे आलं, आणि लायब्ररीच्या टेबलावर बसून मीच लाल पेनाने त्या चार ओळी खोडल्या. कुणाला विचारलं नाही.

स्मरणिका छापून आल्यावर मी एक प्रत घेऊन आजोबांकडे गेले. न जाण्याचं काहीतरी कारण शोधत होते, पण सुनेचा फोन आला, आजोबा रोज विचारतात म्हणून. त्यांनी शेजारच्या मित्रालाही बोलावून ठेवलं होतं. त्यांना आता छापील अक्षर दिसत नाही, म्हणून मित्राने चष्मा लावून पान वाचलं, मग पुन्हा वाचलं.

“काय रे,” मित्र म्हणाला, “फायनल खेळलास ना तू? इथे तर पाणी द्यायलासुद्धा नाहीस.”

सून हसली. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी कारण असेल आणि मी ते आता सांगेन, अशा खात्रीने.

“छापताना राहून गेलं,” मी म्हणाले. “प्रेसवाल्यांकडून.”

“बघ,” ते मित्राला म्हणाले. “घोळ सगळा प्रेसवाल्यांचा. या पोरीने लिहिलं होतं.” मग मलाच समजावायला लागले, की मनाला लावून घेऊ नकोस, होतं असं. सुनेला सांगून खोबऱ्याची वडी आणायला लावली. मी ती खाल्ली.

आठवड्याने त्यांचा फोन आला. सुनेकडून त्यांनी अकरा नावांखाली पेनाने आपलं नाव लिहून घेतलं होतं. “चालेल ना गो?”

“चालेल. आजोबा, मला एक सांगायचं होतं, ते प्रेसवाल्यांनी नाही—”

“थांब, थांब. ह्याला सांग. ह्याला अजून पटत नाहीये.” त्यांनी फोन मित्राच्या हातात दिला.

“हां, बोल बाळा,” मित्र म्हणाला. मागे आजोबा “ऐक, ऐक आता” म्हणत होते.

मी म्हणाले, “हो काका, मी लिहिलं होतं. प्रेसमध्येच राहिलं.”