नाकाच्या शेंड्यावरचा फोड

डॉक्टरांनी माझ्या डोळ्याकडे बघायच्या आधी नाकाच्या शेंड्याकडे बघितलं. तिथं एक पाणीदार फोड होता.

"हा कधी आला?"

"काल," मी म्हणाले. काल त्याला आरशात बघून मी हसलेही होते.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी हातमोजे चढवले आणि म्हणाले, "हर्पिस झोस्टर ऑफ्थॅल्मिकस." म्हणजे आपली नागीणच, पण कपाळाच्या नसेतून डोळ्याकडे निघालेली. नाकाच्या शेंड्याला जी बारीक नस येते, तीच डोळ्यालाही जाते. म्हणून शेंड्यावर फोड दिसला की डोळ्याची धडगत नाही असं समजायचं. उजवा डोळा जाऊ शकतो, हे त्यांनी तोंडावर सांगितलं.

आम्ही कासार आंबोलीचे. भातशेती आहे, रस्त्याकडच्या खोल्या आयटीतल्या पोरींना भाड्यानं दिल्यात. दुखणं सुरू झालं ते केस विंचरताना. उजव्या बाजूला कंगवा लागला की आग व्हायची. ऊन लागलं असेल म्हणून मी बाम चोळत बसले. मग कपाळावर फोडांचे घोस आले.

माझ्या थोरल्या जाऊबाई नागिणीचा लेप देतात. आजूबाजूच्या गावांतून माणसं येतात त्यांच्याकडे. दूर्वा, भिजलेले तांदूळ आणि गेरू पाट्यावर वाटायचं, फोडांवर थापायचं. एक छदाम घ्यायचा नाही. आणि लेप धुवायचा नाही. वाळला की त्याच्यावरच दुसरा.

"नागिणीचं तोंड आन शेपूट भेटलं की माणूस गेलं," जाऊबाई म्हणाल्या. "भेटू द्यायचं न्हाई. पाण्याचा थेंब लावू नगंस."

शी! आता आठवलं तरी अंगावर काटा येतो. खाली फोड फुटत होते, वर गेरूचा पोपडा. मधून चिकट पिवळं पाणी पाझरायचं आणि कपाळाचे केस त्यात चिकटून बसायचे. वास असा की घास तोंडाशी न्यायचे आणि ताट बाजूला सारायचे. माश्या तर हाकलून हाकलून हात दुखले. आणि मी धुतलं नाही. बाईमाणूस रोज अंगण सारवते, ताटं घासते आणि स्वतःच्या तोंडावर घाण थापून बसते!

कारण आम्ही सगळे खूश होतो. जाऊबाई सकाळ-संध्याकाळ येऊन बघायच्या. फोड कपाळाच्या मधोमध बांध घातल्यागत थांबले होते, डावीकडं एकही नाही. "आडवली बघ नागीण! लेपाचा गुण हाय," त्या म्हणायच्या. मलाही पटायचं. नाकावर फोड आला तेव्हा त्यांनी त्यालाही बोटभर लेप लावला.

दुसऱ्या दिवशी उजवा डोळा उघडेना. आमच्या ह्यांनी कोमट पाण्यानं नाकावरचा लेप पुसला, पापणी सोडवली. आत लालभडक. उजेड सुईसारखा टोचला, मी किंचाळले.

"बास झाला त्यो लेप," हे म्हणाले. "गुमान गाडीत बस."

डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग सोडला आणि निळ्या उजेडात बघितलं. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. त्यावर ओरखडे उठले होते.

"पण मध्यावर अडली होती ना?" मी विचारलं.

"लेपानं नाही अडली, ताई. त्या नसेची हद्दच तिथं संपते. पलीकडची बाजू दुसऱ्या नसेची. नागीण एका बाजूनंच येते. तोंड-शेपूट भेटायचा प्रश्न नाही."

म्हणजे आम्ही ज्या गोष्टीवर खूश होतो, तिला काही अर्थच नव्हता.

मग त्यांनी समजावलं. लहानपणी कांजिण्या आल्या तेव्हा मला कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. फोड गेले, विषाणू गेला नाही. तो नसांवरून आत सरकला आणि मुळाशी दडी मारून बसला. मी लग्न केलं, पोरं वाढवली, आणि हा मेला आतच बसलेला! वय झालं, प्रतिकारशक्ती ढिली पडली, तसा उठला.

आणि त्याचा जीव केवढा? मधे डीएनए, म्हणजे स्वतःसारखे आणखी कसे काढायचे एवढीच माहिती. भोवती प्रथिनांची डबी, तिच्यावर चरबीचं पातळ वेष्टन, त्यावर चिकटायला बारीक खुंट्या. खात नाही, पीत नाही, श्वास घेत नाही. आपल्या पेशीला चिकटतो, आत शिरतो आणि तिलाच आपल्या नकला काढायला लावतो. पेशी मरते, नकला शेजारच्या पेशीत शिरतात. माझ्या तोंडावरून जे पाणी गळत होतं ते त्या नकलांनी भरलेलं होतं. ते ऐकून मी तिथंच हात पदराला घासून घासून पुसले.

ते चरबीचं वेष्टन साध्या साबणानं फुटतं, हेही त्यांनी सांगितलं. आणि आम्ही हात-तोंड धुवायचं सोडून बाकी सगळं पाळत होतो.

गोळ्या दिल्या त्या अँटिव्हायरल. नक्कल निघताना मधेच खोटा तुकडा घुसवतात, की पुढची नक्कल अडते. झालेलं नुकसान त्या भरत नाहीत. म्हणून फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू करायच्या. आम्ही त्या मुदतीच्या काठावर पोचलो होतो.

मग थेंब, मलम, पौड रस्त्यावरचे हेलपाटे. वेटिंग रूममध्ये डावा डोळा झाकून मी समोरचा पंखा बघायचे. पाती धूसर दिसायची. एके दिवशी ती वेगळी वेगळी दिसली आणि मी सगळ्यांसमोर रडले. डोळा राहिला. कडेला थोडा डाग आहे, कपाळ अजून आग ओकतं, पण सुईत दोरा ओवता येतो.

जाऊबाई बरेच दिवस फिरकल्या नाहीत. मग एकदा पदरात तोंड घालून आल्या. मी चहा ठेवला. राग होता, पण त्यांनी माझ्यासाठी पाट्यावर हात झिजवले होते, तेही खरंच.

लेप त्या अजून देतात. मात्र परवा रिहे गावाहून एकजण कपाळावर फोड घेऊन आला, तेव्हा त्यांनी पाटा खालीच घेतला नाही. "मानंच्या वर मी हात लावत न्हाई. आधी हिला बघ," म्हणाल्या आणि मला हाक मारली.

मी माझ्या नाकावरचा व्रण दाखवला. काय काय गळत होतं, कसा वास मारत होता, सगळं सांगितलं. त्यानं तोंड वाकडं केलं, "शी!" म्हणाला.

"आली ना किळस?" मी म्हटलं. "मग गाडी काढ."