स्वगताला उत्तर द्यायचं नसतं

नांदेडहून सकाळची गाडी धरायची, मुदखेडला ती रखडली की शिव्या घालायच्या, आणि भोकरकडच्या एका कॉलेजात जाऊन मराठी शिकवायची. तीही तासिकेवर. म्हणजे दर वर्षी नव्यानं अर्ज करायचा आणि प्राचार्यांच्या तोंडाकडे बघत बसायचं. जन्म गेला यात.

बी.ए.ला नाटकाचा पेपर होता. वर्गात नाटक पाहिलेलं कुणी नाही. संघर्ष, नेपथ्य, शोकांतिका, सगळ्या व्याख्या पोरं गाइडातून पाठ करत आणि पेपरात ओकून मोकळी होत. मला त्याची भयंकर चीड. म्हणून स्वगत शिकवताना मी टेबल बाजूला सारलं, पाच जणांना पुढे उभं केलं आणि त्यातल्या एका अबोल पोराला म्हटलं, "तुझ्या मनातलं बोल. बाकावरच्यांना ऐकू येतंय, पण शेजारी उभ्या असलेल्यांना येत नाही, असं धरायचं."

पोरगं आधी लाजलं. मग बोलायला लागलं ते थांबेचना. "आई गेल्यापासून घरात कुणी कुणाशी बोलत नाही. बाप ताट घेऊन अंगणात बसतो, मी आत खोलीत." शेजारी देवणीकडची एक पोरगी उभी होती, इथं मामाकडे राहून शिकणारी. ती ताडकन म्हणाली, "मग तूच जा की ताट घिऊन बापापाशी! वाट कुणाची बघून राहिला?"

वर्ग खो-खो हसला. मीही हसलो, आणि मग चिडलो. "अगं बाई, तुला ते ऐकूच आलेलं नाही!"

"आलं ना सर. इथंच तर उभी हाय मी."

"तो नाटकाचा संकेत आहे!"

"त्यो एवढा जीव तोडून सांगून राहिला, आन् आपण ऐकू न आल्यावानी करायचं? असला कसला वो संकेत?"

मी कपाळावर हात मारला. पुढेही तेच. कुणीही स्वगत वाचायला घेतलं की ही मध्येच उत्तर देणार. शेवटी दम भरला, "परीक्षेत असं काही लिहिलंस तर भोपळा मिळेल." तेव्हा कुठं गप्प झाली.

परीक्षा जवळ आली तशी प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं, पुढच्या वर्षापासून मराठी ऐच्छिक बंद, प्रवेशच होत नाहीत. समोर सगळे माझे जुने सोबती, एका डब्यात जेवलेले. माझा तोल गेला. "या वयात मी कुठं जाऊ हो? दुसरं काय येतं मला?" एकानं चष्मा पुसला. एकानं मोबाइल काढला. कुणीतरी विचारलं, "चहा सांगायचा का?" आणि चहा आला. मीही प्यालो, करतो काय!

शेवटच्या तासाला उजळणी घेतली. स्वगताची व्याख्या विचारली तर तीच पोरगी उभी राहिली. घडाघडा म्हणाली, रंगमंचावरील इतर पात्रांना ते ऐकू येत नाही असा संकेत असतो. मी शाब्बास म्हटलं, फळा पुसायला वळलो, आणि पुसता पुसता तोंडातून निघूनच गेलं, "पुढच्या वर्षी मी नाही रे पोरांनो. हा विषयच नाही. काय करावं, काही सुचत नाही मला."

मागं वळलो. ती अजून उभीच होती. खरं सांगतो, त्या क्षणी मला जगात फक्त तिचं उत्तर हवं होतं. रागावली असती, "मग दुसरीकडं जा की सर, रडून काय राहिला?" म्हणाली असती, तरी चाललं असतं. तिचे डोळे भरले होते. ओठ हललेसुद्धा.

मग तिनं मान खाली घातली आणि हळूच बाकावर बसली. मी शिकवलेलं तिला आता पक्कं आलं होतं.