मोडनिंबच्या माळावरचा एक व्हिजिटर

भूत, चकवा असलं काही मी मानत नाही. माझं पोटच क्लिकवर चालतं – सोलापुरातल्या चादरवाल्यांच्या, प्लॉटवाल्यांच्या जाहिराती ऑनलाइन लावायच्या आणि त्यांच्या वेबसाइटवर गिऱ्हाईक आणायचं. कोण आलं, कुठून आलं, किती वेळ थांबलं, सगळं मला आकड्यांत दिसतं. आकडा खोटं बोलत नाही, असं मी आजवर लोकांना ठणकावून सांगत आले.

तर... मागच्या उन्हाळ्यात माझा धंद्यातला भागीदार शिवानंद सकाळी रडकुंडीला येऊन ऑफिसात शिरला. त्याचे वडील, आप्पा, पहाटेपासून घरात नव्हते. आप्पांना विसरण्याचा आजार. मराठी पार पुसली गेलेली, उरली ती लहानपणची कन्नड. वर शुगर, आणि बाहेर हे ऊन.

"गावाकडंच गेले असणार, अक्कलकोटला. तू तिकडं जाहिरात लाव की," तो म्हणाला.

आप्पांचा फोटो आणि शिवानंदचा फोन नंबर टाकून मी एक पान बनवलं. घाईत जुनी जाहिरात कॉपी केली, मजकूर बदलला, लावली. दुपारी बघते तर – व्हिजिटर एक. अख्ख्या अक्कलकोटात एकच? लोकेशन उघडलं आणि तोंडचं पाणीच पळालं. ती जुनी जाहिरात मोडनिंबजवळच्या प्लॉटची होती. नकाशावरची पिन मी बदललीच नव्हती! अक्कलकोट एका टोकाला, मोडनिंब दुसऱ्या. जाहिरात दिसणार ती पिनभोवतीच्या एक किलोमीटरातच, आणि तिथं नुसता माळ, प्लॉटचे दगड सोडले तर काळं कुत्रंही नाही. चार तास वाया घालवले होते मी. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

जाहिरात बंद केली. तो व्हिजिटर मात्र पानावरच. मोबाइलची भाषा – कन्नड.

"मोडनिंबच्या माळावर कन्नड कोण वाचतंय?" शिवानंदनं गाडीची किल्ली उचलली. "चल."

तासाभराच्या रस्त्यात मी स्क्रीनवरून नजर हलवली नाही. एक... एक... अजून एकच. हा आकडा शून्य झाला तर आप्पा गेले, असं काहीतरी वेड डोक्यात बसलं होतं.

माळावर एका बाभळीखाली आप्पा बसलेले. ओठ सुकलेले, पण शुद्धीत. आसपास घर नाही, माणूस नाही. आप्पांकडे फोन कधीच नव्हता. माझ्या फोनलाही तिथं रेंज नव्हती. शिवानंद त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

आप्पा कन्नडमध्ये काहीतरी सांगत होते. मी शिवानंदकडे बघितलं.

"एक बाई शेजारी बसली होती म्हणतायत. मोबाइलमध्ये त्यांचाच फोटो दाखवत होती. पोरगा निघालाय, हितनं उठू नका, म्हणाली."

"मग फोन का नाही केला तिनं? नंबर होता की पानावर."

"मलाबी तेच विचारायचंय तिला," तो म्हणाला.

पुण्याकडच्या एसटीत चढून आप्पा तिथं उतरले असतील, इथपर्यंत जुळतं. पुढचं काही जुळत नाही.

आठवड्याभरात आप्पा ती बाईसुद्धा विसरले. शिवानंद विसरेना. त्यानं पानावर कन्नडमध्ये एक ओळ लिहिली – आप्पा सुखरूप घरी आले. मी जाहिरात लावली, या वेळी मुद्दाम त्याच पिनवर. दोन दिवस शून्य. तिसऱ्या दिवशी दुपारी एक व्हिजिटर आला. भाषा कन्नड. मिनिटभर थांबला आणि गेला.

त्यानंतर आजतागायत तिथून कोणी आलेलं नाही. ते मिनिटभर ती ओळ कोण वाचत होतं, हे आकडे बघून पोट भरणाऱ्या मला अजूनही सांगता येत नाही.