ताईंच्या सायकलवर कोणता जीपीएस लावायचा?

डिसेंबरात सायकलने कोकणात उतरायचं ठरलं, तेव्हापासून माझी झोप उडाली होती. सोबत रेखाताई, म्हणजे माझी थोरली नणंद, वय अठ्ठावन्न, निवृत्त परिचारिका. आम्ही दोघीच. घाटात चुकलो तर? म्हणून आधी सोलापूर ते वेळापूर असा दोन दिवसांचा सराव करायचा आणि जीपीएस घ्यायचा की फोनवर भागवायचं, ते ठरवायचं.

आमच्या सायकल ग्रुपमधल्या एकांचा जीपीएस उसना आणला आणि माझ्या हँडलवर लावला. ताईंच्या हँडलवर त्यांचाच फोन. बॅटरी वाचावी म्हणून स्क्रीन बंद. वळण आलं की फोन बोलून सांगणार. रस्ता दोन्हींत एकच भरला होता.

भवानी पेठेतून पहाटे निघालो. मोहोळपर्यंत हायवे, ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात, पण कडेची पट्टी रुंद आहे. मोहोळला गरम भजी खाल्ली. पंढरपूरला मुक्काम केला. लॉज आठशे रुपये, सायकली खोलीत घेऊ देतात. जीपीएसची बॅटरी निम्मी उरली होती, फोन दुपारीच पॉवर बँकेला लावावा लागला. उन्हातही जीपीएसचा पडदा स्वच्छ दिसत होता. दोन्हींचे गुण-दोष मी वहीत टिपत होते, त्यात जीपीएस पुढे होता.

दुसऱ्या दिवशी मोठा रस्ता सोडून उसातल्या आडरस्त्याला लागलो. माझी चेन उतरली. ताईंना पुढे व्हा म्हटलं. दहा मिनिटांनी फाट्यावर जीपीएसने दाखवलं तशी डावीकडे वळले. तीन किलोमीटर गेले तरी ताई दिसेनात. फोन लावला, तर लागेना.

परत फाट्यावर आले. बांधावर एक बाई गवत कापत होती. तिला विचारलं.

"व्हय, गेली की एक बाई, सरळ कालव्याच्या अंगानं. म्या हाक मारली, तिकडं वाट मोडलीया म्हनून. पन थांबलीच न्हाय."

मी कालव्याच्या वाटेला लागले. कालवा तुडुंब होता, कठडा नव्हता, आणि वाट जेमतेम एका सायकलची. मी पाण्याकडे बघत चालवत होते. चिखलात टायरची खूण दिसायची, मग दिसेनाशी व्हायची. घरी काय सांगायचं, याची वाक्यं डोक्यात आपोआप तयार होऊ लागली होती.

दोनेक किलोमीटरवर एका छोट्या पुलावर ताई बसलेल्या दिसल्या. सायकल नीट उभी, हेल्मेट मांडीवर. चेहरा मात्र पांढरा पडलेला.

"पुढं वाट नाही. तू येशील म्हणून इथंच थांबले," त्या म्हणाल्या.

फोनने वळण सांगितलं नाही का, म्हणून मी जरा चिडूनच विचारलं. ताईंनी कानामागे बोट नेऊन काहीतरी नीट केलं.

"सांगितलं असेल. मला ऐकू येत नाही गं. वारा लागला की कानातलं मशीन नुसतं घुमतं, म्हणून सायकलवर काढून ठेवते."

"मग आधी सांगायचं की, ताई."

"सांगितलं असतं, तर नेलं असतंस मला?"

मी सायकल वळवली. तिथून वेळापूरपर्यंत त्या पुढे आणि मी दहा हातांवर मागे. तिथल्या जुन्या देवळातलं कोरीवकाम सुंदर आहे म्हणतात. मी ताईंच्या पाठीशिवाय फारसं काही पाहिलं नाही. परतताना सायकली टेम्पोत टाकल्या.

तुम्ही असा जीपीएस घेणार असाल तर बॅटरी, किंमत, बटणं सगळं बघा. पण आधी ज्याच्या हँडलवर तो लागणार, त्याला काय दिसतं आणि काय ऐकू येतं, ते विचारा. मी वही भरली होती, तेवढं विचारायचं राहिलं. आम्ही शेवटी सतत चालू राहणारा पडदा आणि मोठा बाण असलेला घेतला. वीस हजारांच्या आसपास पडला. त्याला जोडलेला पट्टा वळण आलं की मनगटावर थरथरतो.

घरी आल्यावर चार दिवसांनी मी ताईंना पुलावरच्या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. नसतं नेलं.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या, आणि जीपीएसचं खोकं पुढे ओढून चष्मा पुसू लागल्या.