घोसाळ्याची भजी

भाद्रपदातलं चारचं ऊन आमच्या कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या गजांमधून तिरपं येतं आणि नेमकं कढईवर पडतं. तेलावरची धूसर वाफ त्या उजेडात संथपणे वर चढते आणि डाळीच्या पिठाचा, ओव्याचा, तळणाचा ऊबदार गंध घरभर पसरतो. कुणाला या गंधाने बालपण आठवत असेल. मला मात्र त्या रविवारी तो येताच राग आला.

रागाचं कारण सव्वीस वर्षं जुनं होतं. आमच्या घरी भजी कढईतून थेट ताटलीत जातात. एक घाणा बाहेर धाडायचा की लगेच पुढचा सोडायचा, कारण थांबलेलं भजं मऊ पडतं आणि मऊ पडलेलं भजं अण्णा, म्हणजे माझे सासरे, निमूटपणे बाजूला सारतात. गॅलरीच्या जाळीवर घोसाळ्याचा वेल त्यांनीच चढवला आहे. फळ धरलं की सकाळी काही न बोलता ते दोन कोवळी घोसाळी ओट्यावर आणून ठेवतात, आणि तोच हुकूम समजायचा. मग दुपारी अण्णा, माझा नवरा आणि मुलगी जुई टेबलाशी बसतात, मी तळत राहते, आणि बाहेरून दर घाण्याला तेच आर्जव येतं, "अगं, तूही ये ना, गार होतील!" ही आली तर तळणार कोण, असा प्रश्न त्या तिघांपैकी एकालाही कधी पडलेला नाही. शेवटी माझ्या वाट्याला खरवडलेल्या पिठाची चार काळपट भजी आणि निवलेला चहा, तोही ओट्याला टेकून. माहेरी आम्ही कांद्याची भजी करायचो. घोसाळी मी सासरी आल्यावरच पाहिली. त्यामुळे गरम घोसाळ्याचं भजं कसं लागतं, हे मला या वयापर्यंत ठाऊकच नव्हतं.

एकदा, फक्त एकदा, मला ते सगळ्यांबरोबर बसून गरम खायचं होतं. इतकी साधी इच्छा बोलून दाखवायचीही लाज वाटावी, याचाच मला जास्त संताप येत होता.

त्या दिवशी दुसरा घाणा काढला आणि मी गॅस बंद केला. ताटली घेऊन बाहेर आले. टेबलाची चौथी खुर्ची वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली आणि जुईच्या हेल्मेटखाली दबलेली होती. तो पसारा हलवून बसेपर्यंत ताटली रिकामी झाली होती.

"पीठ संपलं?" नवऱ्याने विचारलं.

"आहे अजून. पण मला बसून गरम खायची आहेत."

अण्णांनी उगाच चष्मा पुसला, जुईने मोबाइल पालथा ठेवला.

"मग मी तळतो," नवरा उठत म्हणाला. "त्यात काय एवढं?"

हे 'त्यात काय एवढं' माझ्या जिव्हारी लागलं. मी खुर्चीत बसले खरी, पण कान सगळे कढईत. भजं तेलात पडल्यावर जो आवाज यायला हवा, तो येतच नव्हता. "अहो, तेल तापू द्या." "एकदम इतकी नका सोडू." "आता आच कमी करा." तिसऱ्या वेळी आतून उत्तर आलं, "सूचना लेखी द्याव्यात!" जुई खळखळून हसली. मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांनी खुर्ची मिळाली होती आणि मला तिच्यात स्वस्थ बसता येत नव्हतं.

अखेर ताटली आली. वेडीवाकडी, एकमेकांना चिकटलेली, पण सोनेरी आणि चुरचुरती भजी. सगळ्यांच्या आधी मी हात घातला आणि अख्खं भजं तोंडात टाकलं. आतलं घोसाळ्याचं उकळतं पाणी जिभेवर फुटलं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, धड गिळता येईना, धड टाकता येईना.

"अगं, अगं," अण्णा पाण्याचा पेला पुढे करत म्हणाले, "घोसाळ्याचं भजं आधी मोडायचं असतं. वाफ जाऊ द्यायची."

"आई, तुला माहीत नाही?" जुईने विचारलं. तिच्या स्वरात थट्टा नव्हती, नुसतं आश्चर्य होतं. हे तिला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. त्या टेबलाशी बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. हजारो भजी ज्या हातांनी तळली, त्या हातांना एक भजं मोडायचं असतं एवढं ठाऊक नव्हतं. आणि रागवायचं ते त्यांच्यावर की सव्वीस वर्षं काहीच न बोललेल्या माझ्यावर, हे मला कळेना. डोळे पुसत मी म्हणाले, भाजलं म्हणून.

दुसरं भजं उचललं, दोन्ही हातांनी मोडलं. त्याच्या पोटातून पांढरी वाफ निघाली. ती विरेपर्यंत मी थांबले. जुईही तिचं भजं हातात धरून थांबली होती.

"पुढचा घाणा टाकू का?" आतून हाक आली.

जिभेला चव अशी उरलीच नव्हती.

"टाका," मी म्हणाले.